त्रेचाळीस सॅली

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालची. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी ती सुरू झाली, कारण नव्या रेकॉर्डींचे खोके आमच्या दुकानात गुरुवारी यायचे. मी सुरीने खोक्याची चिकटपट्टी कापली, वरची रेकॉर्ड उचलली आणि तिच्या मधल्या निळ्या चकतीवर माझ्याच घराचं आडनाव वाचलं.

"मिस्टर पेन्फोल्ड," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"रेकॉर्ड आहे, मिसेस टी.," दुकानाचे मालक चहात साखर ढवळत म्हणाले. "आपण त्या विकतो."

गाण्याचं नाव होतं 'विंडमिल सॅली'. गाणाऱ्या चमूचं नाव 'पेपर लँटर्न'. आणि गाण्याच्या नावाखाली, जिथे चाल बांधणाऱ्याचं नाव कंसात छापतात तिथे, 'एस. टिपणीस'.

एस. टिपणीस म्हणजे शिरीष, माझा धाकटा दीर. वय चोवीस. त्या घटकेला तो आमच्या घरी, माडीवरच्या पलंगाएवढ्या खोलीत घोरत पडलेला होता. सकाळी त्याच्यासाठी मी पोहे झाकून आले होते. त्याचे तीन गोरे मित्र आहेत आणि ते मिळून कुठेकुठे वाजवतात हे मला ठाऊक होतं, कारण त्यांचे घामट सदरे माझ्याच मशीनमध्ये पडत. पण आदल्या संध्याकाळी माझ्या हातची तीन थालीपिठं खाताना ह्या माणसाने रेकॉर्ड निघाल्याबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

तो विसरला नव्हता. ही टिपणिसांची रीत होती. पक्कं झाल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही, दृष्ट लागते, असा माझ्या सासूबाईंचा दंडक होता आणि त्यांची दोन्ही मुलं तो विलायतेतही पाळत होती. आम्ही इंग्लंडला जाणार हे मला कळलं ते शिंप्याकडून. दिगंबररावांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, ओव्हरकोटाचं माप घेता घेता तो म्हणाला, "वहिनी, तुमचा पण शिवायचा ना?" नणंदेचं लग्न ठरल्याचं मला पत्रिका छापून आल्यावर समजलं. दिगंबररावांना कारखान्यात बढती मिळाली, ते शेजारच्या मिसेस डॉसननी कुंपणावरून माझं अभिनंदन केलं तेव्हा. घरातली चांगली बातमी साऱ्या गावाला प्रदक्षिणा घालून शेवटी माझ्याकडे यायची.

लंडनच्या उत्तरेला लूटन नावाचं गाव आहे. तिथे मोटारींचा मोठा कारखाना होता. दिगंबरराव त्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते आणि मी दोन वर्षं पेन्फोल्डच्या दुकानात रेकॉर्डी विकत होते. रोह्याच्या कन्याशाळेत शिकलेल्या मुलीने हे काम कसं करावं? त्या वर्षी इंग्लंडच्या तरुण गाणाऱ्यांना काय झालं होतं कोण जाणे. गालांना चमकी, डोळ्यांत काजळ, पायांत वीतभर टाचांचे चंदेरी बूट, आणि हे सगळे पुरुष. त्यांच्या रेकॉर्डी घ्यायला येणाऱ्यांना गाण्याचं नाव कधी म्हणून माहीत नसायचं. "ते हो, ज्यात तो ना-ना-ना करतो," असं म्हणून कारखान्यातला अडदांड माणूस माझ्यासमोर ना-ना-ना करायचा, आणि मी शांतपणे विचारायची, "मध्ये टाळ्या वाजतात ते, की शेवटी कुत्रं भुंकतं ते?"

दर मंगळवारी दुपारी रेडिओवर देशातल्या पहिल्या पन्नास गाण्यांची यादी जाहीर व्हायची. ती ऐकत ऐकत मी खडूने दुकानातल्या फळ्यावर उतरवायची, आणि फळ्यापुढे शाळा बुडवून आलेली पोरं परीक्षेचा निकाल लागल्यासारखी उभी असायची. ही यादी कशी करत, तर देशभरातली काहीशे दुकानं निवडलेली असत. विकलेल्या प्रत्येक छोट्या रेकॉर्डीचा नंबर त्यांनी एका डायरीत लिहायचा आणि शनिवारी दुकान बंद झालं की डायरी लंडनला टपालाने पाठवायची. कोणती दुकानं निवडली आहेत ते गुपित असे, कारण ते फुटलं तर गाण्याच्या कंपन्या तिथेच माणसं पाठवून आपला माल आपणच विकत घेतील. आमचं दुकान त्यांतलं एक होतं. हे मिस्टर पेन्फोल्डना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि नवऱ्यापासून काही लपवू नये अशी माझ्या माहेरची शिकवण असल्यामुळे दिगंबररावांना माहीत होतं.

"लावून बघू या तरी," मिस्टर पेन्फोल्ड म्हणाले आणि त्यांनी सॅलीला यंत्रावर ठेवलं.

तीन मिनिटांत गाणं संपलं. त्यांनी सुई उचलली. "ती मधली थांबण्याची जागा ऐकलीत? तिसऱ्या ओळीनंतर सगळं गप्प, नुसती घरघर, आणि मग परत. हुशार आहे हो तुमचा दीर. कसं वाटलं?"

"ढोल जरा मोठा आहे," मी म्हटलं, आणि उरलेला खोका मांडायला घेतला.

त्या संध्याकाळी मी जेवायला वाढेपर्यंत काही बोलले नाही. मग पिशवीतून रेकॉर्ड काढून आमटीच्या भांड्याला टेकवून उभी केली. दोघे भाऊ तिच्याकडे बघत राहिले.

"अगं, हे तुझ्यापर्यंत पोचलं होय," दिगंबरराव म्हणाले.

"मी रेकॉर्डींच्या दुकानात काम करते. कुठे पोचायला हवं होतं? मासळीबाजारात?"

"वहिनी, सांगणारच होतो," शिरीष म्हणाला. "पक्कं झालं की."

"निघाली की रेकॉर्ड. आणखी काय पक्कं व्हायचं राहिलंय?"

तेव्हा मग एकेक बाहेर आलं. रेकॉर्ड निघाली म्हणजे काहीच नाही, रोज शंभर निघतात. कंपनीने शिरीषला महिन्याची मुदत दिली होती. सॅली पहिल्या पन्नासात आली तर दुसरी छपाई आणि वर्षाचा करार. नाही आली तर रामराम. आणि दिगंबररावांनी त्यावर आपलीही अट घातली होती. रामराम झाला तर शिरीषने केस कापायचे आणि सोमवारपासून कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात रुजू व्हायचं. त्यांनी तिथल्या साहेबाला विचारूनही ठेवलं होतं.

"मोठ्या भावाने एवढंही बघू नये?" दिगंबरराव म्हणाले. "गाणंबजावणं ठीक आहे. पण मी काही त्याच्या त्या नाचकामाला हातभार लावणार नाही. त्याने आपलं आपण बघावं."

"चाल कुठून सुचली रे?" मी शिरीषला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग भावाकडे पाहिलं. "अशीच," तो म्हणाला. "घरात बसल्या बसल्या."

"बरं," मी म्हटलं. "भात घे."

त्यानंतरचे तीन आठवडे मी फळ्याकडे डोळे लावून काढले. सॅली खपत होती, पण मुंगीच्या पावलांनी. आमच्या दुकानात आठवड्याला दोन, कधी तीन. पोरांना ती मधली जागा आवडायची. ती जागा आली की सगळी श्वास धरून उभी राहायची आणि गाणं परत सुरू झालं की हसायची. ऑक्टोबराच्या पहिल्या मंगळवारी कंपनीतून शिरीषला फोन आला. सॅली पन्नासाच्या अगदी उंबरठ्यावर आहे, आणखी थोडा धक्का हवा, पण मुदत संपत आली आहे, येता मंगळवार हा शेवटचा.

शिरीषने त्या आठवड्यात दाढी केली नाही. रात्री त्याच्या खोलीत फेऱ्या मारल्याचा आवाज यायचा, आणि ती खोली एवढीशी होती की दोन पावलं झाली की वळावं लागायचं. धाडधाड, धाडधाड. मी काय करू शकणार होते? मी माझ्या पोळ्या लाटत होते.

त्या वर्षी दसरा शनिवारी आला.

लूटन आणि आजूबाजूच्या गावांत मिळून मराठी घरं होती तीसेक. त्यांचं एक मंडळ होतं आणि मंडळाचे अध्यक्ष होते डॉक्टर गद्रे. त्यांना कुठलीही गोष्ट दोन माणसांत करणं आवडत नसे. एका माणसाला स्टेशनवर आणायला ते पाच मोटारी नेत. शनिवारी सकाळी साडेदहाला दुकानाचं दार उघडलं आणि डॉक्टर आत आले. सुटाबुटात, कपाळाला गंध. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी कमलताई, पैठणीवर लोकरी कोट. त्यांच्या मागे आपटे, त्यांच्या मागे सगळे खांडेकर. रांग दारातून बाहेर गल्लीत गेलेली.

डॉक्टरांनी मिस्टर पेन्फोल्डच्या हातात हिरवं पान ठेवलं. लूटनमध्ये आपटा मिळत नाही, म्हणून मंडळाने कुणाच्या तरी कुंपणाची पानं तोडून आणली होती.

"सोनं घ्या, साहेब," ते इंग्रजीत म्हणाले.

मिस्टर पेन्फोल्डनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खिशात ठेवा," मी म्हटलं. "नंतर सांगते."

"नलिनीबाई," डॉक्टर मराठीत वळले, "आज मुहूर्त. नवी वस्तू घ्यायचा दिवस. मंडळाने ठरवलं, सोनं परवडत नाही तर शिरीषची रेकॉर्ड घ्यायची. प्रत्येक घराने. पन्नासात गेला पाहिजे मुलगा."

"अहो डॉक्टर, पण सगळे इथेच? बेडफर्डला दुकान आहे, वॉटफर्डला आहे, लंडनमध्ये तर—"

"आपल्या माणसाचं दुकान सोडून परक्याकडे कशाला जायचं?" कमलताई म्हणाल्या. "आणि तुमची डायरी असते म्हणे ना लंडनला जाणारी? परक्या दुकानात घेतली आणि त्यांची डायरीच नसली, तर फुकट गेली की."

"डायरीचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिगंबररावांनी. परवा घरोघर फोन केले त्यांनी. तुम्हाला बोलले नाहीत?"

बहिणीचं लग्न ठरलेलं बायकोला न सांगणाऱ्या घराण्याने आयुष्यात एकच गुपित फोडलं, आणि ते साऱ्या देशात जपायचं म्हणून ठरलेलं. नाचकामाला हातभार न लावणाऱ्या ह्या माणसाने कारखान्यातून तीस फोन केले होते. आणि मिस्टर पेन्फोल्डना मराठी कळत नसलं तरी 'डायरी' हा शब्द कळत होता. ते खुर्चीवर बसले.

त्यानंतरचे तीन तास मी कुणाशी भांडले नाही हे आश्चर्य समजा. कमलताईंनी विचारलं, घरच्याच दुकानात पूर्ण पैसे का. आपट्यांनी विचारलं, मागच्या बाजूला एखादं नाट्यगीत आहे का. सगळे खांडेकर प्रत्येकी एक रेकॉर्ड घेणार होते, पण सगळ्यांना नेमकी एकच हवी होती, ती म्हणजे कोपरा न दुमडलेल्या पाकिटातली. रानडे आजी, वय अठ्ठ्याहत्तर, इंग्लंडात येऊन चार महिने, काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

"आजी, तुमच्याकडे ग्रामोफोन आहे का?"

"नाही गं बाई. पण दे एक. देवाजवळ ठेवते."

गर्दीत डायरीत लिहायला सवडच नव्हती. मी पिशवीच्या तपकिरी कागदावर पाच-पाचच्या रेघा मारत गेले. मंडळी गेली तेव्हा काउंटरवर कुंपणाच्या पानांचा ढीग पडला होता आणि कंपनीने गुरुवारीच आणून टाकलेला पन्नासांचा खोका जवळजवळ रिकामा झाला होता. मी रेघा मोजल्या. त्रेचाळीस.

साडेपाचला मिस्टर पेन्फोल्डनी दारावरची पाटी उलटवली. डायरी काउंटरवर ठेवली, तिच्याशेजारी माझा तपकिरी कागद ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

"मिसेस टी., ह्या आठवड्यात देशातलं पहिल्या नंबराचं गाणं आपल्याकडे किती खपलं?"

"चौदा."

"आणि सॅली त्रेचाळीस. एका दिवसात." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "लंडनची ती माणसं मूर्ख नाहीत. एखाद्या दुकानाचा आकडा इतरांपेक्षा असा डोंगरासारखा वर आला की त्यांना वाटतं लबाडी आहे, आणि ते ती ओळच्या ओळ खोडतात. त्रेचाळीसचे शून्य होतात."

"पण लबाडी कुठे आहे? माणसं आली, त्यांनी घेतल्या."

"मला माहीत आहे. माझ्या खिशात पान आहे." त्यांनी चष्मा चढवला. "नऊ हा चांगला आकडा आहे. नऊवर कुणी संशय घेत नाही. बाहेरच्या दुकानांच्या विक्रीत आपले नऊ मिळाले तर मुलगा कदाचित आत जाईल. मी तुम्हाला काहीही सांगितलेलं नाही. मी कप धुवायला चाललो आहे."

ते मागच्या खोलीत गेले. नळ वाहू लागला. दोनच कप होते.

मी पेन उघडलं. शिरीषचा महिना, त्याचे केस, ड्रॉइंग ऑफिसची खुर्ची, सगळं त्या एका ओळीत मावलेलं होतं. मला ते कळत होतं. मी सॅलीचा नंबर लिहिला आणि तो त्रेचाळीस वेळा लिहिला, रांगेत, स्वच्छ अक्षरात, कुठे शाई फुटू न देता. पाकीट बंद केलं. घरी जाताना कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं.

सोमवारी लंडनहून फोन आला. मिस्टर पेन्फोल्ड 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले. मंगळवारी दुपारी मी खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहिले. पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. रेडिओवरचा माणूस मजेत वाचत होता. सत्तेचाळिसाव्याला माझा खडू मोडला. पहिला नंबर लिहून झाला तरी सॅली आली नव्हती. फळ्यापुढची पोरं पांगली.

"ओळ खोडली," मिस्टर पेन्फोल्ड म्हणाले. "निवडलेल्या दुकानांतून आपलं नावही काढलं आहे, नवी डायरी येणार नाही. आता शनिवारी लवकर घरी जाता येईल." मग म्हणाले, "कंपनीच्या माणसाचाही फोन होता. एक्कावन्नावी आली म्हणे."

संध्याकाळी घरी आमचा दिवाणखाना भरलेला. डॉक्टर गद्रे म्हणत होते, हा उघड उघड वर्णद्वेष आहे, मी खासदारांना पत्र लिहितो. कमलताई म्हणत होत्या, रेकॉर्डी परत घेतील का. दिगंबरराव खिडकीशी उभे राहून त्याच त्याच वाक्याने माझी बाजू घेत होते. "तिने जेवढ्या विकल्या तेवढ्या लिहिल्या. नलूचं चुकलं काय?" हे वाक्य चौथ्यांदा ऐकल्यावर मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली.

थोड्या वेळाने शिरीष आत आला. स्टुलावर बसला. त्याने केस कापून घेतले होते. कानांमागची कातडी पांढरी दिसत होती.

"चहा ठेवू?"

"नको." त्याने खिशातून एक पाकीट काढलं. "हे तुझ्याकडे असू दे, वहिनी. कंपनीने आज परत केलं. मला बघवत नाही."

मी हात पुसले. पाकिटात एक गोल निळा कागद होता, मध्ये भोक पाडलेला. रेकॉर्डीवर चिकटवायची चकती, नमुन्याची. 'विंडमिल सॅली'. 'पेपर लँटर्न'. आणि खाली कंसात दोन नावं. 'एस. टिपणीस, डी. कर्णिक'.

डी. कर्णिक म्हणजे द्वारका कर्णिक. माझी आई.

आई आदल्या वर्षी श्रावणात रोह्याला वारली. पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा तिचा दहावाही होऊन गेला होता. मी रडले वगैरे नाही. मी पोळ्या लाटायला लागले की आईची जात्यावरची ओवी आपोआप तोंडात यायची, शब्दांशिवाय, नुसती गुणगुण. पहाटे ती दळताना मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेली. तिसऱ्या ओळीनंतर आई श्वास घ्यायला थांबायची आणि तेवढ्यात जातं अर्धा फेरा नुसतं घरघरत फिरायचं. मीही तिथे थांबायची, लाटणं हातात धरून. वर्षभर रोज. वर माडीवर शिरीष गिटार घेऊन बसलेला असायचा.

त्या पहिल्या गुरुवारी दुकानात मिस्टर पेन्फोल्डनी सुई ठेवली आणि पहिल्याच ओळीला मी ओळखलं. अर्धा फेरासुद्धा उचललेला होता. ढोल बडवून, इंग्रजी शब्द घालून, माझ्या आईची सॅली केली होती आणि तिच्याखाली त्याचं नाव होतं. मी त्याला विचारलं होतं, चाल कुठून सुचली, आणि तो म्हणाला होता, अशीच. मी तेव्हाच ठरवलं की ह्या गाण्याचं काय व्हायचं ते होवो. शनिवारी पेन उघडून बसले तेव्हा माझ्या डोक्यात खरेपणा नव्हता. नऊ लिहिले तर माझी आई दुसऱ्याच्या नावाने देशभर वाजेल, आणि त्रेचाळीस लिहिले तर कुणी मला बोलही लावू शकणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. म्हणून मी खरं लिहिलं.

"हे कधी केलंस?" मी विचारलं.

"आधीपासून भांडत होतो. ते म्हणाले, पहिली छपाई झाली, आता कोण बदलणार? पन्नासात आलं तर दुसऱ्या छपाईला घालू. ओवी आईची आहे हे तूच एकदा बोलली होतीस. तुझ्या आईचं नाव त्या पत्रात होतं, तू ड्रॉवरमध्ये ठेवलं आहेस ना, त्यात." तो स्टुलाच्या कडेवर नखाने रेघा ओढत होता. "तुला चकतीच दाखवायची होती. अशी तुझ्यापुढे ठेवायची आणि गंमत बघायची."

"मी तुला विचारलं होतं, शिरीष. आमटी वाढताना विचारलं होतं."

"तोंडावर आलं होतं, वहिनी."

"मग?"

"पक्कं नव्हतं ना."

तव्यावरची पोळी करपली. आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो आणि कुणीच ती उचलली नाही. मग तो म्हणाला, "तू तरी काय करणार होतीस? जेवढ्या विकल्या तेवढ्या लिहिल्यास," आणि बाहेर दिवाणखान्यात गेला.

शिरीष पुढच्या सोमवारी ड्रॉइंग ऑफिसात लागला आणि तिथेच तेहतीस वर्षांनी निवृत्त झाला. गिटार त्याने विकली. मंडळाच्या गणपतीत पेटी वाजवायचा, बऱ्यापैकी. सॅलीचं नाव त्याने घरात परत काढलं नाही. डॉक्टर गद्र्यांचं पत्र खासदारांना गेलं, उत्तरही आलं. त्यात खासदारांनी दसऱ्याच्या उशिरा शुभेच्छा दिल्या होत्या. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवात डॉक्टरांनी माझ्या प्रामाणिकपणावर भाषण केलं आणि मला स्टीलचा डबा दिला. तो डबा मी कुणाला तरी देऊन टाकला, पण मंडळात तो फिरत फिरत दोनदा माझ्याकडे परत आला.

मिस्टर पेन्फोल्डनी चौऱ्याऐंशीला दुकान बंद केलं. शेवटच्या दिवशी ते मला म्हणाले, "मिसेस टी., दोन कप धुवायला मला वीस मिनिटं लागली होती. वेळ पुरेसा दिला होता ना?" मी म्हटलं, "हो. पुरेसा होता." त्यांनी पैशांचं पाकीट उघडून दाखवलं. त्यात दसऱ्याचं ते पान वाळून गेलेलं होतं.

दिगंबरराव जाऊन चौदा वर्षं झाली. त्यांच्या कपाटात, ओव्हरकोटाच्या मागे, मला सॅलीच्या सहा रेकॉर्डी सापडल्या, पाकिटंही न उघडलेल्या. त्या त्यांनी बेडफर्डहून आणल्या होत्या. निदान एकाला तरी वेगळ्या दुकानात जायचं सुचलं होतं, पण तेही मला कळायला एवढी वर्षं लागली. रानडे आजींनी त्यांची रेकॉर्ड खरोखरच देवाजवळ ठेवली होती. त्या असेपर्यंत तिला रोज हळदकुंकू लागत होतं. म्हणजे माझ्या आईला ते मिळत होतं, फक्त कुणाला माहीत नव्हतं.

चकती माझ्याकडे आहे, पत्रासोबत, त्याच ड्रॉवरमध्ये.

शिरीषची पंचाहत्तरी उलटली. तो दर रविवारी फोन करतो, गुडघ्यांबद्दल बोलतो आणि शेवटी म्हणतो, "बाकी काय विशेष, वहिनी?" मी म्हणते, काही नाही. नऊ आणि त्रेचाळीसची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. ही कथा मासिकाकडे पाठवते आहे. छापून आली की अंक त्याच्या पत्त्यावर जाईल. आधी सांगणार नाही. छापतील की नाही, हे अजून पक्कं नाही.